गुडघ्यांवरचा ताल

बडी हॉलीचं ‘एव्हरीडे’ हे गाणं एकदा नीट कान देऊन ऐका. ताल ऐकू येतो, पण ड्रम वाजतच नाहीत. ड्रमर जेरी अ‍ॅलिसन स्वतःच्या गुडघ्यांवर थापा मारतो आहे. सोबतीला सेलेस्टा हे वाद्य आहे. दिसायला छोट्या पियानोसारखं, आवाज मात्र घंट्यांच्या किणकिणीचा. हे रेकॉर्डिंग १९५७चं. रॉक अँड रोल म्हणजे नुसता दणदणाट, असं वाटणाऱ्यांनी ते जरूर ऐकावं.

टेक्सासमधल्या लबक गावी ७ सप्टेंबर १९३६ रोजी जन्मलेला चार्ल्स हार्डिन हॉली चार भावंडांत धाकटा, घरात सगळ्यांचा ‘बडी’. १९५६मध्ये नॅशव्हिलला डेक्का कंपनीसाठी त्याने गायलेली गाणी चालली नाहीत आणि कंपनीने करार पुढे वाढवला नाही. विशीतल्या मुलाने गाणं सोडून दिलं असतं, तरी कुणी नवल केलं नसतं.

तो न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला, नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत गेला. इतर स्टुडिओ तासावर पैसे घेत. पेटी गाण्यामागे घ्यायचा. त्यामुळे घड्याळाकडे न पाहता एकेका गाण्यावर काम करता येई. गुडघ्यांवरच्या थापा या मोकळिकीतून आल्या. नॅशव्हिलला फसलेलं ‘दॅट विल बी द डे’ फेब्रुवारी १९५७मध्ये इथेच नव्याने रेकॉर्ड झालं. जुन्या करारामुळे ते स्वतःच्या नावाने काढता येईना, म्हणून बँडला नाव दिलं ‘क्रिकेट्स’, म्हणजे रातकिडे. सप्टेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

आपली गाणी आपणच लिहायची, दोन गिटार, बेस आणि ड्रम घेऊन आपणच वाजवायची, हा रॉक बँडचा साचा रुजवण्यात हॉलीचा मोठा वाटा आहे. मार्च १९५८मध्ये क्रिकेट्स ब्रिटनभर गात फिरले. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या काही पोरांनी आपलं पहिलं रेकॉर्डिंग केलं, त्यासाठी निवडलं ‘दॅट विल बी द डे’. ‘रातकिड्यां’वरून ‘भुंग्यां’चं नाव सुचलेली हीच पोरं पुढे बीटल्स झाली.

ऑगस्ट १९५८मध्ये मारिया एलेनाशी लग्न करून हॉली न्यूयॉर्कला राहू लागला. वर्षाअखेरीस पेटी आणि क्रिकेट्सशी फारकत झाली, पैसे अडकले, घरात बाळाची चाहूल होती. म्हणून जानेवारीच्या कडाक्यात त्याने दौरा पत्करला. बसमधले हीटर बंद पडत. या दौऱ्यातला ड्रमर कार्ल बंच याचे पाय गारठून त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. २ फेब्रुवारी १९५९ला आयोवातल्या क्लिअर लेकचा कार्यक्रम आटोपल्यावर हॉलीने छोटं विमान भाड्याने घेतलं. मध्यरात्रीनंतर उडालेलं ते विमान काही मैलांवरच कोसळलं. हॉली २२ वर्षांचा होता, दौऱ्यातले सोबतचे गायक रिची व्हॅलेन्स १७चा, जे. पी. रिचर्डसन २८चा आणि वैमानिक रॉजर पीटरसन २१चा.

दौऱ्यावर निघण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या घरात हॉलीने टेपरेकॉर्डरसमोर बसून काही नवी गाणी गाऊन ठेवली होती. त्याच्यामागे इतरांनी त्यांवर वाद्यं चढवून रेकॉर्ड काढल्या. मला मात्र त्या मूळ टेपाच जवळच्या वाटतात. एक गिटार, एक आवाज. गुडघ्यांवर ताल धरणाऱ्यांच्या कामाला एवढं पुरेसं होतं.