मिरजेची बिनतिकिटाची मैफल

जालना जिल्ह्यातील केदारखेड्यासारख्या गावी हरिनाम सप्ताह बसला म्हणजे गाणे ऐकण्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. मांडवात वीणा उभी राहते ती सात दिवस भुईला टेकत नाही. एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. खर्च वर्गणीतून भागतो, आणि ऐकणाऱ्याची ऐपत किंवा समज कोणी विचारीत नाही. शहरातील सुशिक्षित मनुष्य हे सारे भक्तीच्या खाती जमा करून मोकळा होतो. रागदारीचे गाणे मात्र त्याच्या मते तिकिटाचे आणि राखीव खुर्चीचे. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे तर मराठवाडा सोडून दक्षिणेस, कृष्णाकाठच्या मुलखात, मिरजेस जावे लागते.

मिरज म्हणजे रेल्वेचे जंक्शन, इस्पितळांचे गाव आणि सतार-तंबोऱ्यांची पेठ. येथे ख्वाजा शमना मीरासाहेबांचा जुना दर्गा आहे. त्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो; आणि त्याच दिवसांत दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, शास्त्रीय गायनवादनाची बैठक भरते. दाराशी तिकीट नाही, कारण तिकीट लावावयास दारच नाही. ही बैठक किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होते. खाँसाहेब मूळचे उत्तरेकडील किराण्याचे. बडोद्याचा दरबार सोडून फिरत फिरत ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेस आले. तेथे त्यांना प्लेगाने गाठले, दर्ग्यात गाऊन त्यांनी सेवा केली आणि ते त्या दुखण्यातून उठले, असे सांगतात. दुखणे कशाने बरे झाले हा वैद्यकाचा प्रश्न. परंतु पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले आणि दर्ग्यातील हजेरी त्यांनी सोडली नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीकडे जात असता वाटेतील एका रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले. तेथून त्यांना मिरजेस आणून दर्ग्याच्याच परिसरात दफन करण्यात आले. त्यानंतर शिष्यवर्गाने ही हजेरी आपली मानली. हिराबाई बडोदेकर येथे गात असत, भीमसेन जोशी गाऊन गेले, आणि आजचे गायकवादकही येथे येतात ते बिदागीच्या हिशेबाने नव्हे.

मौज अशी की, तिकीट लावून गाणे करण्याच्या प्रथेचाही मिरजेशी संबंध आहे. विष्णु दिगंबर पलुसकर आणि अब्दुल करीम खाँ हे दोघेही १८७२ साली जन्मलेले. पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले, १८९६ च्या सुमारास बाहेर पडले आणि त्यांनी सौराष्ट्रात अल्प दराचे तिकीट लावून जाहीर गायन केले. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघाले ते त्याच वाटेने पुढे. आज तिकीट म्हटले की श्रोत्याला अडथळा दिसतो. त्या काळी ते गवयाच्या सुटकेचे साधन होते. संस्थानिकाची मर्जी फिरली की गवयाची चूल विझे. शंभर सामान्य माणसांचे चार-चार आणे त्याला एका महाराजाच्या लहरीपासून वाचवीत. खाँसाहेबांनीही तिकिटाचे जलसे केले, कारण त्यांच्या आर्य संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या जेवणाखाणाचा भार नुसत्या वाहवाने निभणारा नव्हता. तेव्हा दर्ग्यातील बैठक तिकिटाचा निषेध नव्हे. वर्षभर गाणे विकणाऱ्याने एक दिवस ते न विकण्याचा हा रिवाज आहे.

ह्या बैठकीत ऐकू येते ते जुने की आजचे, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. युरोपात समकालीन संगीत म्हणजे हयात किंवा नुकत्याच होऊन गेलेल्या रचनाकाराने कागदावर लिहिलेले संगीत. वादकाने त्यातील स्वर सहसा बदलावयाचे नसतात. आपल्याकडे चीज दोन-चार ओळींची, तीही कदाचित अठराव्या शतकातल्या सदारंगाची. ती नुसती म्हणून टाकावयास दोन मिनिटे पुरतात. उरलेला पाऊण तास गवयाने त्याच रात्री, त्याच श्रोत्यांपुढे घडविलेला असतो. एका स्वरावर किती थांबावे, पंचमाला केव्हा शिवावे, हे तो बसल्या जागी ठरवितो, आणि दुसऱ्या दिवशी तोच राग घेऊनही तेच गाणे त्याला करता येत नाही. खाँसाहेबांनी कर्नाटकी पद्धतीच्या सरगमची लकब आपल्या ख्यालात आणली, तेव्हा ती अगदी नवी गोष्ट होती. आज तीच परंपरा म्हणून शिकविली जाते.

किराण्याचे गाणे सुरावर उभे असते, आणि सूर उभा असतो तंबोऱ्यावर. तंबोऱ्याला तारा चार: एक पंचमाची, दोन जोडाच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची. घोडीचा माथा रुंद व किंचित उतरता घासलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून अशी जागा साधतात की तार घोडीला निसटती शिवत राहावी. हिला जवारी म्हणतात. जवारी लागली म्हणजे खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला, गंधार ऐकू येऊ लागतो. उघड्यावरच्या मैफलीत ही जुळणी फार काळ टिकत नाही. रात्र चढून गारवा पडला की धातूची तार आखडते आणि स्वर चढतो. मग दोन चिजांच्या मध्ये गवई खुंट्या पिळीत बसतो. नवखा श्रोता ह्या वेळी उठून चहाला जातो. जाणता बसून राहतो, कारण पुढचे गाणे कसे होणार हे तेथेच कळते. ही वाद्ये गावातलीच. मूळ शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यात, फरीदसाहेबांच्या हातून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा धंदा मिरजेत रुजला. भोपळे भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

फुकट ते पौष्टिक, ही म्हण मात्र येथे लावू नये. श्रोत्याला फुकट पडलेल्या प्रत्येक रात्रीचे पैसे कोणीतरी मोजलेले असतात: मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक, कलावंतांची जेवणे, परतीची गाडी. नामांकित गवयाला सेवा परवडते. त्याच्यामागे बसणाऱ्या तबलजीला आणि पेटीवाल्याला ती दर वेळी परवडतेच असे नाही. बिनतिकिटाच्या कोणत्याही महोत्सवाची परीक्षा करावयाची तर मंचावरच्या पुष्पहारांवरून न करता, साथीदाराच्या हाती काय पडले यावरून करावी. आपण होऊन केलेली सेवा निराळी, आणि दुसऱ्याच्या नावावर मांडलेली सेवा निराळी. जालंधरचा हरवल्लभ संगीत मेळा १८७५ पासून विनामूल्य चालत आला आहे. तेथेही हा हिशेब कोणाला तरी दरवर्षी मांडावाच लागतो.

मिरजेत अशी बैठक एकच होते असेही नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात रात्रीमागून रात्री गायनवादन चालते, आणि तेही सर्वांस खुले. दर्ग्यात गायिलेला कलावंत देवळात गातो, यात गावाला विशेष काही वाटत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्याने एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, नवरात्र आश्विनात ठरलेले असते, पण उरूस हिजरी महिन्यांप्रमाणे चालत असल्यामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. तेव्हा निघण्यापूर्वी तारीख विचारून घ्यावी, आणि बरोबर बसावयास एक सतरंजी व मध्यरात्रीनंतरच्या गारठ्यासाठी शाल असू द्यावी.