टीचभर चित्राचें काम

आर्णीला बाबा कंबलपोश यांच्या उरुसांत फिरतांना तंबूंतला खेळ आपण आधीं पाहत नाहीं. बाहेरचा फलक पाहतों, मग तिकीट काढतों. संगणकावरील खेळांचेंहि तसेंच आहे. 'स्टीम' या विक्रीच्या दालनांत हजारों खेळ ओळीनें मांडलेले असतात, आणि कित्येक वर्षांच्या श्रमांचें भवितव्य एका टीचभर चित्रावर ठरतें.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नें २०२० सालीं काढलेला 'राजी' हा खेळ घ्या. दैत्यांनीं पळविलेल्या भावाला शोधणारी मुलगी, तिचा त्रिशूळ, देवता, राजवाडे, इतकें सारें त्यांत आहे. तें सगळें एका चित्रांत कोंबलें, तर नुसती गर्दी दिसेल. म्हणून एकच आकृति, तिच्यामागें तिला उठाव देणारा शांत रंग आणि ठळक नांव एवढें पुरे. सर्वांत लहान चित्रांत तर नांवानेंच बहुतेक जागा व्यापावी, असा स्टीमचाच सल्ला आहे.

परीक्षा सोपी आहे. चित्र टपालाच्या तिकिटाएवढें करा, त्यांतले रंग काढून टाका, आणि हात लांब करून पाहा. आकृति ओळखूं आली, नांव वाचतां आलें, म्हणजे तें कसोटीस उतरलें.

स्तुतीची भर मात्र घालूं नका. सप्टेंबर २०२२ पासून पारितोषिकें, अभिप्राय व सवलती या चित्रांवर लिहिण्यास स्टीमची मनाई आहे. खोटें आश्वासनहि नको. २ तासांहून कमी खेळलेला खेळ १४ दिवसांच्या आंत परत करतां येतो. फलकामुळें गिऱ्हाईक तंबूच्या दारापर्यंत येतें. आंत त्याला रमवावयाचें तें खेळानेंच.