दान सोडलेली जोडी

भंडाऱ्याहून रायपूरच्या बाजूला निघालं की वैनगंगेचा पूल ओलांडताच कारधा लागतं. जिल्ह्याबाहेरच्या माणसाने हे नाव ऐकलं असेल तर बहुतेक पावसाळ्यातल्या बातमीत. नदीची पातळी इथे मोजतात. पाणी २४५.५० मीटरला टेकलं की धोक्याची पातळी गाठल्याचं जाहीर होतं. पूर चढला की ब्रिटिशकालीन जुन्या पुलावरची ये-जा बंद होते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी आलं, तेव्हा भंडारा शहराच्या वस्त्यांत घरंच्या घरं पाण्याखाली गेली आणि हा आकडा टीव्हीवर पुन्हा पुन्हा वाचला गेला. थांबण्याचा हा सरकारी प्रकार तसा सोपा आहे. आकडा आधी ठरलेला, तो ओलांडला की पूल बंद. हुज्जत घालायला जागा नाही.

कारध्यापासून पुढे लाखनी, साकोलीच्या पट्ट्यात धानाची मळणी उरकल्यावर जो खेळ रंगतो, त्यात मात्र कधी थांबायचं आणि कुणी थांबवायचं, हाच सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. हा खेळ म्हणजे शंकरपट. पश्चिम महाराष्ट्राला बैलगाडा शर्यत म्हटली की खेड-जुन्नरचे घाट आठवतात, भंडारा उधळत चढावर पळणारे बैल आठवतात. झाडीपट्टीतला पट वेगळा. इथे जमीन सपाट, धाव सरळ. शेजारीशेजारी आखलेल्या दोन दानी, प्रत्येक दानीवर एक जोडी, मागे नुसता सांगाडा म्हणावी अशी हलकी दोनचाकी छकडी आणि तिच्यावर कसाबसा तोल सांभाळणारा धुरकरी. झेंडी पडते आणि काही सेकंदांत निकाल लागतो. ज्याने डोळे मिचकावले त्याचा पट गेला.

दान तयार करणं हे आधीचं मोठं काम. धानाच्या बांध्या लहान लहान असतात, प्रत्येकीला चारही बाजूंनी धुरा. सलग, सरळ आणि एकसारखी कठीण पट्टी या मुलखात आयती मिळत नाही. त्यामुळे पटाची जागा बहुधा ठरलेली असते आणि दर हिवाळ्यात तिचीच डागडुजी होते. ढेकळं फोडायची, खड्डे बुजवायचे, माती दाबून बसवायची. फार भुसभुशीत ठेवली तर चाकं रुततात, फार टणक केली तर खुरांना मार बसतो. दोन्ही दानी सारख्या आहेत की नाहीत यावर पट सुरू होण्याआधीच कुजबुज चालू असते आणि हरलेल्याला ती नंतर उपयोगी पडते.

आता जोडी दान का सोडते ते पाहू. कारण बैलाच्या अंगात असतं तितकंच जुवाच्या गणितात असतं. दोन बैलांपैकी एक जरा जास्त पळाला की त्याच्या बाजूचं जू पुढे जातं, दांडी तिरपी होते आणि छकडी मंद बैलाच्या अंगाला वळू लागते. धुरकरी कासरा ओढून ते सावरू पाहतो, पण भरधाव वेगात कासऱ्याचा उपयोग मर्यादित. म्हणून पटाची खरी कारागिरी जोड लावण्यात आहे. नुसते दोन वेगवान बैल विकत आणून भागत नाही. त्यांचं पाऊल जुळावं लागतं, बिथरण्याची वेळही जुळावी लागते. उजवीकडे पळायची सवय असलेला बैल डावीकडे जुंपला तर तोच बैल निकामी ठरतो. जाणते पटशौकीन जोडी पाहताना आधी खांद्यांची उंची पाहतात आणि मग पाय. वर्धेकडची गवळाऊ जात जलद चालीसाठी नावाजलेली आहे, पण जातीच्या नावावर जोड लागत नाही, ती महिनोन् महिने एकत्र चालवूनच लागते.

एवढं करूनही जोडी दान सोडते. लाउडस्पीकर, शिट्ट्या, दानीच्या कडेला पुढे सरकत आलेली माणसं, शेजारच्या जोडीचा आवाज, यांतलं काहीही पुरतं. मग ती एकतर शेजारच्या दानीत घुसते, नाहीतर गर्दीत. अशा वेळी पंचाच्या हातात काय असतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. धावते बैल अर्ध्या वाटेत थांबवायची कुठलीही कळ अजून निघालेली नाही.

अशी कळ असलेला खेळ जगात आहे आणि तोही दोन दानींचाच आहे म्हणायला हरकत नाही. स्लॉट कार. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाचा खेळणी बनवणारा माणूस चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या ‘स्केलेक्स’ गाड्या विकायचा. त्याने त्यांत विजेची मोटर बसवली, रुळाला खाच पाडली आणि १९५७ साली हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडलं. गाडीच्या पुढच्या भागाखाली एक पातं असतं, ते खाचेत बसतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या चपट्या वेण्या असतात, त्या खाचेलगतच्या धातूच्या पट्ट्यांवरून वीज घेतात. खेळणाऱ्याच्या हातात सुकाणू नाही, फक्त वेग. सरळ रस्त्यावर कुणीही पळवू शकतं. वळणावर बोट वेळेत सैल करता आलं नाही की मागची चाकं बाहेर फेकली जातात, पातं खाचेतून निसटतं आणि गाडी टेबलावरून खाली. साठच्या दशकात अमेरिकेत या खेळाची अशी लाट आली की गावोगावी भाड्याने खेळायचे मोठे ट्रॅक निघाले. दशक संपण्याआधीच ती ओसरली. खेळ मात्र क्लबांच्या रूपात टिकला.

आपल्या कामाचं आहे ते या क्लबांतलं थांबणं. वळणावळणावर एकेक माणूस उभा असतो. त्याचं काम सुटलेली गाडी उचलून तिच्याच खाचेत ठेवणं. तो गाडी ठेवतो तोवर इतर पुढे गेलेल्या असतात आणि तेवढीच त्या गाडीला शिक्षा. पण गाडी दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसली किंवा हात पोचणार नाही अशा जागी पडली, तर ‘ट्रॅक’ अशी आरोळी उठते. लगेच सगळ्या खाचांची वीज तोडली जाते, घड्याळही थांबतं. गाड्या होत्या तिथे निमूट उभ्या राहतात. अडथळा काढला की वीज परत येते आणि शर्यत जिथे थांबली होती तिथून पुढे चालू होते.

ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. खेळणारे मात्र त्यावरून भांडतात आणि त्यांचं भांडण समजून घेण्यासारखं आहे. शर्यत थांबली की ज्याची चूक त्याचा वेळ वाचतो. जो सुरळीत पळत होता त्याची लय तुटते. पुढचा आणि मागचा यांच्यातलं अंतर कागदावर तेवढंच राहतं, पण मागच्याला दम खायला मिळतो. शिवाय आरोळीचा मोह वाईट. आपल्याच मित्राची गाडी पडली की आरोळी जरा लवकर उठते. म्हणून जुन्याजाणत्या क्लबांचा कल उलटा असतो. सुटलेल्या गाडीसाठी थांबायचं नाही, दुसऱ्याची वाट अडली तरच थांबायचं. माझ्या मते हा नियम शहाणपणाचा आहे.

खऱ्या मोटारींच्या शर्यतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. फॉर्म्युला वनमध्ये शर्यत काबूत ठेवायला मध्ये सोडलेली पहिली सेफ्टी कार १९७३ च्या कॅनडातल्या शर्यतीत आली आणि ती चुकीच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. मग पुढे कोण आणि मागे कोण याचा असा घोळ झाला की पीटर रेव्हसन जिंकला हे नक्की करायला तासन् तास लागले. १२ डिसेंबर २०२१ ला अबूधाबीत एक गाडी कठड्यावर आदळली, सेफ्टी कार आली, आणि ती बाहेर कधी काढायची, मधल्या कोणत्या गाड्यांना पुढे जाऊ द्यायचं या एका निर्णयावर वर्षाचं विजेतेपद हॅमिल्टनकडून व्हर्स्टापेनकडे गेलं. तो निर्णय घेणाऱ्या मायकेल मासींना पुढच्या फेब्रुवारीत त्या पदावरून हलवलं गेलं. वीज, रेडिओ, कॅमेरे, शेकडो पानांची नियमावली सगळं हाताशी असताना ही अवस्था!

पटाने या पेचावर काढलेला तोडगा साधा आहे. धाव अधेमध्ये थांबवता येत नाही म्हणून खेळच तुकड्यांत बांधला. एका वेळी दोनच जोड्या, काही सेकंदांची धाव, आणि दान पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुढची झेंडी नाही. थांबणं दोन धावांच्या मध्ये आधीच शिवून टाकलेलं असतं. दान सोडलेल्या जोडीची धाव तिथेच संपली, तिच्यासाठी कुणी घड्याळ मागे फिरवत नाही. वाद उरतो तो एकाच बाबतीत: आपल्या दानीत सरळ पळणाऱ्या जोडीला शेजारची येऊन आडवी गेली तर? तिला पुन्हा पळवायचं, तर बैल आधीच दमलेले. न पळवावं, तर दोष नसताना बाद. ज्या पटांत जोड्या एकेक सोडून सेकंदांवर क्रम लावतात, तिथे हा पेच उरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला आहे. तिथे बायकाही धुरकरी म्हणून उतरतात आणि त्यांचा पट पाहायला गर्दी लोटते. पण समोरासमोरच्या लढतीतली झिंग घड्याळाच्या आकड्यांत नाही, हेही कबूल करायला हवं.

मग एकदा सगळा पटच थांबला. ११ जुलै २०११ ला केंद्राने बैलाचा समावेश खेळात किंवा प्रदर्शनात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला आणि धरसोड सुरू झाली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. न्यायालयाचं म्हणणं होतं की बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही आणि त्याला पळवायला वेदनाच द्यावी लागते. शेपूट पिरगाळणं, तुतारीच्या, म्हणजे हाकायच्या काठीच्या, टोकाची आर टोचणं, बॅटरीचा झटका देणं, यांतलं काहीच कपोलकल्पित नव्हतं. पटाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ते नाकारण्यात जो वेळ घालवला, तो वाया गेला असं मला वाटतं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तीही मुंबई उच्च न्यायालयात अडकली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे अबूधाबीच्या त्या शर्यतीनंतर चारच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांनुसार शर्यतींना परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्त कायदे वैध ठरवले. २०१४ च्या बंदीपासून २०२१ च्या परवानगीपर्यंत मोजलं तर साडेसात वर्षं आणि वर महिनाभर. साडेसाती म्हणणाऱ्यांना आकडा आयताच मिळाला.

स्लॉट कारची वीज तोडली की गाडी तशीच राहते, बैल मात्र मोठा होतो. तीन-चार वर्षांचा गोऱ्हा जुवाखाली येतो आणि दहा-बारापर्यंत त्याचा कस उतरतो. म्हणजे २०१४ साली ऐन भरात असलेली जोडी परवानगी आली तेव्हा निवृत्तच झालेली होती. मधल्या काळात पटासाठी बैल वाढवण्याचं कारणच उरलं नाही आणि नांगरट तर आधीच ट्रॅक्टरने नेली होती. पटात चमकलेल्या जोडीची किंमत तिथल्या तिथे वाढायची, तो बाजारही मोडला. धुरकऱ्यांचंही तेच. छकडीवर उभं राहायचं वय असताना दान मिळाली नाही ती पोरं पुढे दुचाकीवर गेली. जिथे थांबली होती तिथून शर्यत पुढे सुरू करणं इथे शक्यच नव्हतं. बऱ्याच ठिकाणी पहिल्यापासून जोड लावावी लागली.

थांबलं नाही ते नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जुनी जोड आहे. पाहुणे पटाला येतात, मुक्काम करतात आणि रात्रभर चालणारं नाटक पाहून पहाटे घरी जातात. पट बंद झाल्यावर वडसा, म्हणजे देसाईगंज इथल्या नाटक कंपन्यांनी दिवाळीनंतरच्या मंडईचा आणि दुसऱ्या निमित्तांचा आधार घेतला. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. जोडीतला एक बैल बसला तरी दुसऱ्याने छकडी ओढत ठेवली.

आताचा पट कागदपत्रांनिशी होतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांची अनामत, बैलांच्या प्रकृतीचा पशुवैद्यकाचा दाखला, धाव जास्तीत जास्त एक हजार मीटर. काठी, चाबूक, विजेचा झटका सगळं वर्ज्य. क्रूरपणा सिद्ध झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. लहान गावाच्या मंडळाला हे जड जातं, पण त्याला इलाज नाही. या नियमांचा रोख बैलावर आहे आणि तसाच असायला हवा होता. पण दान सोडलेल्या जोडीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. निकालाची रेघ ओलांडली तरी बैल लगेच थांबत नाहीत. त्यांना वेग उतरवायला पुढे बरीच मोकळी जागा लागते, आणि नेमकं तिथूनच निकाल सगळ्यांत चांगला दिसतो म्हणून गर्दीही तिथेच होते. दानीच्या दोन्ही अंगांना बांबू किंवा लोखंडी जाळी उभी करायची आणि रेघेपलीकडची जागा रिकामी ठेवायची, एवढ्याला लागणारा खर्च बक्षिसाच्या रकमेपुढे किरकोळ आहे. गावकरी बक्षिसाचा फलक मात्र आधी रंगवतात.