दहा रुपयांच्या नाण्याएवढी खिडकी

ज्येष्ठातल्या एकादशीला गावच्या विठ्ठल मंदिरात भजन होतं. सभामंडपात दोन ट्यूबलाइट, गाभाऱ्यात समई, एवढाच उजेड. माझी भाची खांबाला टेकून बसली आणि तिनं दीड तासात सव्वाशे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मामा, हे बघ ना. पखवाजाच्या वाद्या मोजता येतील इतक्या स्पष्ट आल्यात. बुवांचा हात तेवढा नाही." खरंच, हाताच्या जागी नुसता एक पिवळसर पट्टा उमटला होता. "लेन्स बदलायला हवी ना? पण माझ्याकडे फार पैसे नाहीत."

एक गोष्ट मी तिला आधीच सांगितली. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स वाईट नसते. भर उन्हात, एफ ८ वर काढलेला तिचा फोटो महागड्या लेन्सच्या फोटोशेजारी ठेवला, तर कुठला कुणाचा हे पटकन सांगता येत नाही. त्यामुळे 'आणखी शार्प' फोटोंच्या आशेनं लेन्स बदलणाऱ्यांची बहुतेकदा निराशा होते. किट लेन्समध्ये खरी उणीव आहे ती उजेडाची.

बिघडलेल्या फोटोची माहिती आम्ही उघडली. झूम ५० मिलिमीटरवर, छिद्र एफ ५.६, शटर १/१५ सेकंद, आयएसओ ३२००. यातला एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला, म्हणजे फोकल लेंग्थला, या आकड्यानं भागलं की प्रकाश आत येतो त्या खिडकीचा व्यास मिळतो. ५० भागिले ५.६ म्हणजे जेमतेम ९ मिलिमीटर, शर्टाच्या कॉलरवरच्या बारीक बटणाएवढं भोक. त्याच ५० मिलिमीटरची एक साधी लेन्स मिळते, एफ १.८ ची. तिची खिडकी निघते जवळजवळ २८ मिलिमीटरची. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. मी खिशातलं नाणं काढून टेबलावर ठेवलं, शेजारी शर्टाचं सुटं बटण ठेवलं. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ सुमारे दहापट. लेन्स निवडताना माझ्या मते याहून महत्त्वाचा दुसरा आकडा नाही.

दहापट उजेड आत आला तर शटर दहापट लवकर मिटवता येतं, १/१५ ऐवजी १/१५० सेकंदात. थाप मारताना हात सेकंदाला एक मीटर वेगानं खाली येतो असं धरू. १/१५ सेकंदात तो साडेसहा सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ चार बोटांची रुंदी. फोटोत पट्टा उमटणारच. १/१५० सेकंदात तो सहा-सात मिलिमीटरच सरकेल, आणि थाप बसून हात क्षणभर थांबतो तेव्हा त्याहूनही कमी. वाद्या का स्पष्ट आल्या, याचंही उत्तर यातच आहे. किट लेन्समध्ये कंपन सावरणारी यंत्रणा होती. ती आपल्या हाताची थरथर सावरते. बुवांचा हात थांबवणं तिच्या आवाक्यातलं नाही.

"मग आयएसओच वाढवते की," भाची म्हणाली. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. आयएसओ वाढवल्यानं उजेड वाढत नाही, आलेल्या उजेडाची फक्त नोंद फुगवली जाते. प्रकाश कणाकणांनी येतो आणि तेही अनियमितपणे. पावसाचे पहिले चार थेंब अंगणात पडतात तेव्हा एका फरशीवर तीन टिपके दिसतात आणि शेजारची कोरडी राहते. सर कोसळली की सगळ्या फरश्या सारख्या ओल्या होतात. सेन्सरवरच्या लाखो ठिपक्यांचं तसंच आहे. कण कमी आले की शेजारशेजारच्या ठिपक्यांत उगाच फरक पडतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे कण दिसतात. प्रकाशकण दहापट झाले की ही असमानता त्या मानानं सुमारे तिपटीनं कमी होते. ते काम लेन्सच्या खिडकीनंच करावं लागतं.

आता माझा आवडता प्रश्न: इतकी मोठी खिडकी असलेली लेन्स स्वस्त कशी? कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ नवी घेतली तरी साधारण दहा हजारांच्या घरात येते. याचं उत्तर शोधायला दोनशे वर्षं मागं जावं लागतं. गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यानं १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी दोन भिंगांची एक जोडी सुचवली. अमेरिकेत दुर्बिणी घडवणाऱ्या अल्वन ग्रॅहम क्लार्कनं १८८८ मध्ये अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून बसवल्या. मग १८९६ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीतल्या पाउल रुडोल्फनं ती मांडणी सुधारून सहा भिंगांची 'प्लॅनर' लेन्स तयार केली. मधोमध छिद्र आणि दोन्हीकडे एकमेकांची प्रतिबिंबं असावीत अशी भिंगं. या सममितीमुळे पुढच्या अर्ध्या भागाचे काही दोष मागचा अर्धा भाग उलट करून खोडून काढतो: सरळ रेषांचं वाकणं, कडेला रंगांचं फाकणं, ठिपक्याला फुटणारी शेपटी.

तरीही ही लेन्स कित्येक वर्षं मागेच पडली. भिंगं चार गटांत असल्यानं काच आणि हवा यांच्या सीमा आठ होत होत्या. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. आठ वेळा हे घडलं की जवळजवळ तीस टक्के उजेड वाया जातो, आणि त्यातला काही आतल्या आत घुमून सगळा फोटो फिका करतो. यावर उपाय निघाला १९३५ मध्ये. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुलानं निर्वात पेटीत काचेवर अतिशय पातळ थर चढवला, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. थराच्या वरून परतणारी लाट आणि खालून परतणारी लाट एकमेकींना मारतात आणि उजेड पुढे जातो. लेन्स तिरपी धरली की तिच्यावर जांभळट-हिरवी झाक दिसते, ती अशाच थरांची.

आजची स्वस्त पन्नासची लेन्स याच घराण्यातली आहे. कॅननच्या डीएसएलआरसाठीच्या या लेन्समध्ये सहाच भिंगं, आणि सगळी गोलाकार पृष्ठांची. गोलाकार पृष्ठ घडवणं सोपं. दोन पृष्ठभाग मधे कुरुंदाची पूड घालून सगळ्या दिशांनी घासत राहिले की ते आपोआप गोलाचा भाग बनतात, कारण कसेही सरकवले तरी एकमेकांना चिकटून राहतील असे तेच असतात. उलट १८-५५ झूममध्ये अकरा-तेरा भिंगं आणि ती पुढेमागे सरकवणारी यंत्रणा बसवायची, तीही परवडणाऱ्या किमतीत. तिथे खिडकी लहान ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं.

दुसरं कारण आरशाचं. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा वरखाली होतो, त्यासाठी जागा सोडावी लागते. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत कॅननमध्ये ४४ मिलिमीटर आणि निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर. ५० मिलिमीटरची लेन्स या अंतरात सहज बसते. ३५ मिलिमीटरच्या लेन्सला मात्र प्रतिमा मुद्दाम मागे ढकलणारी जास्तीची भिंगं लागतात. म्हणून निकॉनच्या ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स लेन्समध्ये आठ भिंगं आहेत.

मग सरसकट सगळ्यांनी पन्नासच घ्यावी का? नाही, आणि खरी निवड इथेच करायची असते. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, त्यामुळे ५० मिलिमीटरची नजर अरुंद होते. दहा फुटांवरून तिला साडेचार फूट रुंदीचंच दिसतं. ३५ मिलिमीटरला त्याच जागेवरून साधारण साडेसहा फूट दिसतं. मी भाचीला किट लेन्सचं झूमचं कडं ३५ वर नेऊन त्यावर चिकटपट्टी लावायला सांगितली. दोन दिवस तसेच फोटो काढायचे, मग पट्टी काढून ५० वर लावायची आणि पुन्हा दोन दिवस. ५० वर स्वयंपाकघरात तिला आई आणि ओटा एका चौकटीत बसवता येईनात. पाठ भिंतीला टेकली, आणखी मागे सरकायला जागाच नाही. घरातली माणसं, वाढदिवस, लहान मूल यांचे फोटो काढायचे असतील तर ३५ घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मंदिरातल्या खांबापासून पखवाज दहा फुटांवर, आणि साडेचार फुटांत बुवा आणि पखवाज नेमके बसतात. तिनं पन्नास निवडली. पक्ष्यांच्या मागे लागणाऱ्यांचा मार्ग वेगळा, त्यांना लांबची झूमच लागते.

घेताना काही गोष्टी बघून घ्याव्या लागतात. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या डीएसएलआरमध्ये फोकसची मोटर नसते. त्यामुळे जुनी, स्वस्त 'एएफ ५० एफ १.८ डी' त्यांवर बसते, पण फोकस हातानं करावा लागतो. 'एएफ-एस' असं लिहिलेली लेन्स घेतली की हा प्रश्न येत नाही. आणि सेकंडहँड घेताना लेन्स डोळ्यासमोर उघडी धरून मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारावा. मी एकदा ऐन पावसाळ्यात एका दुकानातून टॉर्च न मारता लेन्स घेतली. घरी आल्यावर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. बुरशी होती, आणि ती आम्लं सोडून काचेवरचा तो पातळ थर खाते. एकदा डाग पडला की काच पुसूनही तो जात नाही. कोकणातच काय, आपल्याकडे कुठेही पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत कोंडून ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा डबा आणि ताजी सिलिका जेल पुरते.

नवी लेन्स आली तेव्हा भाचीनं ती तळहातावर तोलून पाहिली. दीडशे-एकशेसाठ ग्रॅम, एका पेरूएवढं वजन. पहिल्या दिवशी तिनं आजीचे फोटो एक मीटरवरून एफ १.८ वर काढले. कान स्पष्ट आणि डोळे धूसर! इतक्या जवळून या लेन्सला स्पष्ट दिसणारी जागा जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची असते, आणि फोकस कानातल्या कुडीवर बसला होता. दुसऱ्या दिवसापासून ती फोकसचा चौकोन आधी डोळ्यावर नेऊ लागली. जवळून काढताना छिद्र एफ २.८ वर आणू लागली, त्यानं चेहराही जास्त कोरीव येतो. तीन मीटरवर ती जाडी चोवीस सेंटिमीटर होते, तिथे १.८ बिनधास्त वापरता येतं.

पुढच्या एकादशीला ती पुन्हा त्याच खांबाला टेकून बसली. भजन संपल्यावर बुवांनी कॅमेरा हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि फोटो मोठा करून बघत राहिले. पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक, तिच्यावर उमटलेले बोटांचे ठसे, आणि वर येणारा हात, पाचही बोटं वेगवेगळी. "करंगळी उचलली जाते माझी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं वाजवतोय, कधी दिसली नव्हती."