आठव्या दिवशी मिळालेले नाव

रमजानचा अखेरचा अशरा होता. आमचा धाकटा भाऊ, वय 24, रात्र-रात्र जागत होता. मोहल्ल्यातले लोक माशाअल्लाह म्हणत. पण इबादतीसाठी जागणारा माणूस दुपारी तरी डोळा लावतो. हा पाच दिवस तास-दीड तासाच्या झोपेवर होता आणि थकत नव्हता. बोलणे थांबेना. दुकानाचा गल्ला दोन दिवसांत वाटून मोकळा झाला. अडवले की हात उगारी. ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल केले.

रक्त तपासतील आणि संध्याकाळी आजाराचे नाव सांगतील, अशी आमची समजूत. रक्त घेतले, थायरॉईड पाहिले, नशेची चौकशी झाली. पण या तपासण्या दुसरी कारणे वगळण्यासाठी असतात. बायपोलर आजार दाखवणारी रक्ताची चाचणीच नाही. निदान होते ते हकिकतीवरून. डॉक्टरांनी अम्मीला खोदून खोदून विचारले. दोन वर्षांपूर्वी तो तीन महिने अंथरुणातून उठत नव्हता, जेवत नव्हता, हे तिने सांगितले. मामूंचेही असेच व्हायचे, हेही तिला तिथेच आठवले. तेव्हाची उदासी आणि आताची उसळी शेजारी-शेजारी मांडल्यावर आठव्या दिवशी डॉक्टरांनी नाव घेतले.

अब्बांचा एकच सवाल होता: पोरगा नमाज जास्त पढतो म्हणून वेडा ठरवला का? डॉक्टर म्हणाले, नमाज हे लक्षण नाही, झोपेची गरजच न उरणे हे लक्षण आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच सांगतो. निदान मान्य वैद्यकीय निकषांवरच करावे लागते. समाजाच्या चालीरीतींशी किंवा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे न जुळणे हा निदानाचा आधार होऊ शकत नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणेही त्यात बंधनकारक आहे.

कायद्याने ठेवले तरी नातेवाईक थोडेच ठेवतात! खालांनी बजावले, कागद कपाटात टाका, बहिणीचा रिश्ता चालू आहे. आपल्याकडे शुगर दस्तरख्वानावर बसून सांगतात. हा आजार मात्र दार लावून. बल्खचे अबू ज़ैद अल-बल्खी यांनी हजारहून अधिक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले होते, हे कोणाला सांगावे?

भाऊ थोडा शांत झाल्यावर त्याने स्वतःच कागद मागून घेतला. दोनदा वाचला. “म्हणजे तेव्हा मी आळशी नव्हतो,” एवढेच बोलला. अम्मी उठून बाहेर गेली.

रिश्त्याच्या मंडळींना आम्ही खरे सांगितले. बहिणीचाच तो आग्रह होता. त्यांनी विचाराला वेळ मागितला आहे.

भावाला लिथियम सुरू आहे. या गोळीचे रक्तातले प्रमाण ठरावीक काळाने तपासावे लागते, आणि शरीरातले पाणी कमी झाले की ते धोकादायक वाढू शकते. त्यामुळे पुढच्या रमजानात रोजे धरायचे का, हा प्रश्न त्याने आतापासूनच काढला आहे. आजाऱ्याला सवलत आहे, हे आमच्या इमामसाहेबांनी त्याला समजावले; डॉक्टरांनी शाबानमध्येच भेटायला बोलावले आहे. तो अजून राजी नाही. तराविहला मात्र जाणार म्हणतो, आणि अकराला झोपणार.