रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांची कादंबरी

दुर्धर रोगावरील कादंबरी ही रुग्णाची कादंबरी असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः रोगाची कथा थोडक्यात आटोपते. तो हटतो किंवा वाढतो. कादंबरीला जे हवे असते ते सारे, म्हणजे शंका, लपवाछपवी, माया, कंटाळा आणि पैशाची विवंचना, रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसांपाशी असते.

हृषीकेश मुखर्जी यांच्या १९७१ सालच्या ‘आनंद’ या चित्रपटाची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याचा प्रारंभ रुग्णापासून होत नाही. आपल्या दिवंगत मित्रावर कादंबरी लिहिणाऱ्या डॉक्टरच्या सत्कारापासून होतो. आपण मरणार हे आनंदला ठाऊक आहे व त्याने ते पचविलेही आहे. पचत नाही ते डॉक्टर मित्राला. विद्या असून उपयोग नाही, या जाणिवेने तो चिडखोर होतो. चित्रपटातील खरा आजारी तोच, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

टॉलस्टॉयने १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या दीर्घकथेत याची दुसरी बाजू दाखविली. सहकाऱ्याच्या निधनाची वार्ता वर्तमानपत्रात वाचताच न्यायालयातील मंडळींच्या मनात प्रथम येते ती रिकामी झालेली जागा आणि त्यामुळे होणाऱ्या बढत्या. हे वाचताना कोणास आपल्या कचेरीतील ज्येष्ठतेची यादी आठवली, तर तो वाचकाचा दोष नव्हे! त्या साऱ्या घरात रुग्णाशी खोटे न बोलणारा एकच, गेरासिम नावाचा खेडवळ नोकर. धन्याच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून तो त्याचे पाय खांद्यावर घेऊन तासन्‌तास बसतो.

मराठीत आजारपणाची आत्मकथने आहेत. पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’ अनेकांनी वाचले असेल. तथापि तेथे बोलते ती स्वतः रुग्ण. सोबत्याची वाणी शोधायची तर नामदेवांपर्यंत मागे जावे लागते. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. तो काही आजार नव्हता. परंतु जिवलग डोळ्यांदेखत जात असता मागे राहणाऱ्यांचे काय होते, हे नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत आहे. निवृत्तिनाथांसारख्या गुरूचाही धीर तेथे सुटतो. नामदेवांचे मानले जाणारे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते.

त्याच परभणीत बी. रघुनाथांनी बांधकाम खात्यात कारकुनी करीत कादंबऱ्या लिहिल्या. या मातीतून सोबत्याची कादंबरी यावी, अशी अपेक्षा करण्यास आणखीही एक कारण आहे. येथे मोठे दुखणे म्हणजे प्रवास. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ साली निघाले. त्यापूर्वी कित्येक वर्षे जिंतूर-गंगाखेडच्या कर्करुग्णाने बार्शी गाठली, नाहीतर परळचे टाटा रुग्णालय. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून झाले, तेवढीच वाट जवळ आली. अशा वेळी सोबत कोण जाते? पुष्कळदा भाऊबंद नव्हे, तर शाळेतील सहशिक्षक किंवा शेजारच्या टेबलावरचा कारकून. तो रजा शिल्लक आहे का ते पाहतो, वर्गणीची वही फिरवतो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी खेटे घालतो. आणि रोगाचे नाव मात्र कोणी उच्चारीत नाही. ‘गाठ आहे’ एवढ्यावर बोलणे थांबते. घरच्यांना वाटते, रुग्णास काही माहीत नाही. रुग्ण घरच्यांना तसे वाटू देतो. हे दुहेरी नाटक महिनोन्‌महिने चालते, आणि त्याची संहिता पाठ असते ती एकट्या त्या मित्राला.

परतीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये तपासण्यांची पिशवी त्याच्याच मांडीवर असते. त्यातला कागद त्याने वाचलेला आहे. खालच्या बाकावरून प्रश्न येतो, “डॉक्टर शेवटी काय म्हणाले रे?” परभणी यायला अजून अख्खी रात्र आहे.