प्रदर्शनातील चोरी आणि व्यापाऱ्याची चोपडी

आपल्या सभासदांत जुनी नाणी, टपाल तिकिटे, पितळी वजने-मापे, अडकित्ते, दौती अशा वस्तूंचा संग्रह करणारे किती जण आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही. तथापि बेळगाव, कोल्हापूर, सांगली, हुबळी या बाजूस कोठे नाण्यांचे वा तिकिटांचे प्रदर्शन भरले की, तेथे आपल्यापैकी दोन-चार ओळखीचे चेहरे हटकून भेटतात. वर्षभर गल्ल्यावर बसून हिशेब करणारा मनुष्य तेथे भिंग हातात घेऊन लहान मुलासारखा रमतो. या छंदाचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु प्रस्तुत लेखात आम्हांस त्याच्या एका अप्रिय अंगाविषयी लिहावयाचे आहे. प्रदर्शनांतून वस्तू चोरीस जातात, आणि चोरलेली वस्तू पचविण्याच्या कामी आपण व्यापारी मंडळीच नकळत, क्वचित कळूनही, हातभार लावतो.

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. १४ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन येथील टपाल कचेरीत विल्यम रोबी नावाच्या गृहस्थाने नव्या विमान टपालाच्या २४ सेंटच्या तिकिटांचा शंभरांचा एक ताव २४ डॉलर देऊन विकत घेतला. तिकीट दोन रंगांत, दोन वेळा छापावे लागे. त्या गडबडीत या तावावर विमान चक्क उलटे छापले गेले होते. रोबीने तो ताव फिलाडेल्फियाचे व्यापारी यूजीन क्लाइन यांस १५,००० डॉलरला विकला, आणि क्लाइन यांनी कर्नल ग्रीन या धनिकास २०,००० डॉलरला. पुढे ताव फोडण्यात आला. तत्पूर्वी क्लाइन यांनी एक साधीच गोष्ट केली. प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने त्याचा तावातील क्रमांक लिहून ठेवला.

यांपैकी चार तिकिटांचा एक जोडलेला तुकडा एथेल मकॉय या बाईंनी १९३६ साली १६,००० डॉलर देऊन घेतला. डाऊ जोन्स कंपनीच्या संस्थापकांपैकी चार्ल्स बर्गस्ट्रेसर यांच्या या कन्या. सप्टेंबर १९५५ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील नॉर्फक शहरी अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचे अधिवेशन भरले असता बाईंनी तो तुकडा प्रदर्शनात मांडला, आणि तेथूनच तो नाहीसा झाला.

चोराने चारी तिकिटे वेगळी केली. पैकी एक १९७७ साली शिकागोच्या एका व्यापाऱ्याकडून हस्तगत झाले. त्यानंतर काही वर्षांनी दुसरे सापडले. बाईंनी १९७९ साली या तिकिटांवरील आपला हक्क सोसायटीच्या संशोधन ग्रंथालयास देऊन टाकला व पुढील वर्षी त्या वारल्या. तिसरे तिकीट २०१६ साली, म्हणजे चोरीनंतर ६१ वर्षांनी, न्यूयॉर्कमधील एका लिलावसंस्थेकडे विक्रीस आले. ते आणणारा उत्तर आयर्लंडमधील तरुण अगदी निरपराध होता. त्याला ते आजोबांकडून मिळाले होते. जाहीर झालेले ५०,००० डॉलरचे बक्षीस त्यास देण्यात आले व तिकीट ग्रंथालयाकडे गेले. चौथे अजूनही बेपत्ता आहे.

तिकिटे ओळखू आली ती कशावरून? शंभरही तिकिटांवर चूक एकच असली, तरी विमान चौकटीत किती सरकले आहे आणि कडेची छिद्रे कोठे पडली आहेत, हे प्रत्येक तिकिटागणिक थोडे थोडे निराळे असते. छायाचित्र व नोंद असल्यामुळे एकसष्ट वर्षांनीही तिकिटाला आपले नाव बदलता आले नाही. मात्र या एकसष्ट वर्षांत ते हवेत तरंगत राहिलेले नाही. कोणीतरी ते विकले, कोणीतरी घेतले, आणि त्या साखळीत कोठेतरी एखादा जाणकार बसलेला असणार, ज्याने पाहिले, ओळखले किंवा ओळखावयास हवे होते, आणि काही विचारले नाही.

हे लिहिताना आमचा हात किंचित अडखळतो, कारण आम्ही स्वतः अशा एका साखळीतील कडी होऊन बसलो होतो.

२०१८ सालची गोष्ट. शेजारच्या शहरात दोन दिवसांचे नाणेप्रदर्शन नुकतेच आटोपले होते. पुढील सोमवारी दुपारी नीटनेटक्या पोशाखातला एक तरुण आमच्या भांड्यांच्या दुकानी आला. आम्हांस नाण्यांचा नाद आहे हे त्याने कोठूनतरी ऐकले होते. रुमालात पाच रुपये बांधलेले होते, त्यांत तीन मराठेशाहीतले अंकुशी रुपये. "आजोबांच्या पेटीत सापडले," तो म्हणाला. किंमत सांगितली ती बाजाराच्या निम्म्याहून कमी. आम्ही तीन अंकुशी रुपये घेतले, रोख पैसे दिले आणि तो गेला. नाव विचारले नाही. चोपडीत एक ओळ लिहिली नाही. भांड्यांच्या व्यवहारात दहा रुपयांची मोडदेखील लिहून ठेवणारे आम्ही! पण छंदाचा व्यवहार म्हणजे जणू व्यवहारच नव्हे, अशी आमची त्या वेळी समजूत असे.

तीन आठवड्यांनी कोल्हापूरकडील एक वृद्ध संग्राहक आमच्याकडे जेवावयास आले. त्याच प्रदर्शनात त्यांचे टेबल होते. पानावर बसण्यापूर्वी त्यांनी मोबाइलवर चोरीस गेलेल्या पाच नाण्यांची छायाचित्रे दाखविली. जुने सराफ रुपयाची चांदी पारखताना त्यावर लहान लहान खुणा ठोकीत. त्यामुळे एकाच टाकसाळीचे दोन रुपये जवळ ठेवले तरी त्यांचे चेहरे सारखे नसतात. त्यांच्या एका नाण्यावर अंकुशाजवळ चंद्रकोरीसारखी एक खूण व तिच्याखाली दोन ठिपके होते. ते नाणे आमच्या कपाटात होते.

आम्ही उठून तिन्ही नाणी आणून त्यांच्यापुढे ठेविली. ते रागावले नाहीत. आम्ही दिलेले पैसे परत करू म्हणाले, ते अर्थातच आम्ही घेतले नाहीत. मग त्यांनी विचारले, "शेठजी, बाकीच्या दोन नाण्यांचा माग लागेल. चोपडीत त्या मुलाचे काय लिहिले आहे?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे वडीलबंधू शेजारीच बसले होते. ते एवढेच म्हणाले, "अरे, इतके स्वस्त देत होता, तेव्हाच विचारायचे होतेस." त्या दिवशी जेवण कोणासच गोड लागले नाही.

चोरी झाली कशी, तेही त्या गृहस्थांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ऐन भरात असताना एकाने तीन-चार नाणी एकदम पाहावयास मागितली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कोणीतरी मोठ्याने भाव विचारला. मान वळली ती चार-पाच क्षण. पाकिटे होती तितकीच परत आली, पण आतली नाणी बदललेली होती. हे त्यांच्या लक्षात आले रात्री सामान बांधताना. आणि लक्षात आल्यावरही त्यांनी आयोजकांस लगेच सांगितले नाही, कारण चाळीस वर्षांच्या जाणकारास एका पोराने फसविले हे सांगावयाची लाज वाटली. आमच्या मते चोराचा सर्वांत मोठा मित्र ही लाजच होय. त्याच संध्याकाळी दहा व्यापाऱ्यांच्या कानांवर ही गोष्ट गेली असती, तर सोमवारी तो तरुण आमच्या दारी आला असता का, कोण जाणे.

आता कायद्याविषयी दोन शब्द. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २७ सामान्यतः असे सांगते की, विकणाऱ्याचा जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्यास मिळत नाही. चोराकडे मालकी नसते, म्हणून पैसे मोजूनही ती आपल्याकडे येत नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही, जो अप्रामाणिकपणे तो घेतो त्याच्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. "कारण असूनही" हे शब्द सभासदांनी पुनःपुन्हा वाचावेत. निम्म्याहून कमी भाव हे कारण नव्हे काय? शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना व नोंदवह्या ठेवाव्या लागतात.

परंतु आपल्या घरांत हा नियम सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने 'तदाहृतादान' म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे हा दोष स्पष्टपणे गणलेला आहे. स्वतः चोरी न करणाऱ्या श्रावकासही तो लागतो. लहानपणी पाठशाळेत आम्ही तो शब्द घोकला होता. दुकानात त्याची आठवण झाली नाही.

त्यानंतर आम्ही काही पथ्ये पाळू लागलो. प्रदर्शनात टेबलावर एकटे बसावयाचे नाही, पुतण्या किंवा मुलगी बरोबर असते. एका वेळी एकच नाणे हातात द्यावयाचे, आणि ते परत आल्यावर पाकिटाकडे नव्हे, नाण्याकडे पाहून ठेवावयाचे. सकाळी मांडामांड व संध्याकाळी आवराआवर चालू असताना दाराशी कोणी नसते आणि सर्वांचे लक्ष खोक्यांत असते. त्या दोन वेळा जास्तीत जास्त जपाव्या लागतात. परतीच्या वाटेवर पेटी मोटारीत ठेवून चहास उतरू नये, हे सांगावयास नको. तरी पुष्कळ जण उतरतात. अमेरिकेत डग डेव्हिस या माजी पोलीस अधिकाऱ्याने नाण्यांच्या चोऱ्यांची माहिती व्यापाऱ्यांत तत्काळ पसरविण्यासाठी एक स्वतंत्र केंद्रच चालविले आहे. आपल्याकडे मोबाइलवरील संदेशगटही ते काम करू शकेल, मात्र त्यावर सुप्रभातीचे संदेश थोडे कमी केले पाहिजेत. परगावी चोरी झाली असल्यास आपल्या गावच्या ठाण्यातही प्रथम खबर देता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे.

घरी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन आणि सराफी खुणांचे वर्णन आता एका लाल चोपडीत असते. नाणे कोणाकडून, कधी, कितीस घेतले हेही त्यात असते. नाव सांगावयास जो तयार नसेल, त्याच्याकडून आम्ही घेत नाही. गेल्या काही वर्षांत दोन-तीन चांगली नाणी त्यामुळे हातची गेली. त्याबद्दल हळहळ वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

त्या वृद्ध गृहस्थांची उरलेली दोन नाणी मिळालेली नाहीत. त्यांची छायाचित्रे आमच्या दुकानी गल्ल्यामागील भिंतीवर लावलेली आहेत. एकाच्या कडेला छिन्नीने तिरपी चीर दिलेली आहे, आणि दुसऱ्यावर ताऱ्यासारखी खूण आहे. बाजारात आलेल्या सभासदांनी एकदा येऊन ती अवश्य पाहून जावी.